पप्पांची अन्य भाषा

माझे वडील उमरग्यातल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. हायवे सोडून आत वळलं की पत्र्याचं प्रार्थनाघर, त्याच्यामागं आमच्या दोन खोल्या. रविवारी सकाळी उपासना आणि बाकी आठवडाभर पप्पा स्कूटरवर गावोगाव. कुणाकडं आजारपण असो, मयत असो, नवराबायकोचं भांडण असो, निरोप आला की निघायचे. सीमेपलीकडच्या गावांत कन्नडमधून प्रार्थना करायचे. समोरचा माणूस ख्रिस्ती आहे की नाही, हे त्यांनी विचारल्याचं मला आठवत नाही. आईही तेवढीच राबायची. तिला सगळे पाळकीणबाई म्हणायचे, आणि जे पप्पांना सांगता येत नाही ते बायका तिच्यापाशी येऊन सांगायच्या.

मी आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला झेडपीच्या शाळेत शिकवते. शनिवारी शाळा सुटली की एसटी धरून घरी यायचे आणि रविवारी उपासनेत पेटी वाजवायचे.

त्या रविवारी पप्पा क्षमेवर बोलत होते. त्यांचा आवाज भरदार होता आणि भाषा शुद्ध. घरात 'न्हाय' म्हणणारा माणूस व्यासपीठावर चढला की 'नाही' म्हणायचा. एका वाक्याच्या मध्येच ते थांबले. पाण्याचा घोट घेतला. पुन्हा बोलायला लागले तेव्हा मला वाटलं, कन्नडात शिरले. तसे ते अधूनमधून शिरायचे. पण मला कामापुरतं कन्नड कळतं, आणि ते कन्नड नव्हतं. हिंदीही नव्हतं. सूर तोच, हातवारे तेच, थांबायच्या जागासुद्धा त्याच. फक्त शब्द कुठल्याच भाषेतले नव्हते.

पुढच्या रांगेतले आमच्या मंडळीचे एक वडीलधारे ताडकन उठले.

"हालेलुया! आत्मा उतरला! पाळकसाहेब अन्य भाषा बोलायलेत!"

पवित्र आत्मा उतरला की माणूस कधीही न शिकलेली भाषा बोलतो, अशी आमच्यात श्रद्धा आहे. पप्पांना मात्र तसलं कधी झालं नव्हतं, आणि मंडळीतल्या काहींना त्याची खंतही होती. क्षणात सगळं प्रार्थनाघर उभं राहिलं. टाळ्या सुरू झाल्या. बायका रडायला लागल्या. कुणीतरी गाणं उचललं, आणि माझी बोटं आपोआप पेटीवर फिरायला लागली.

मग मी पप्पांचे डोळे पाहिले. त्यांत आनंद नव्हता. ते एकेकाकडं बघत होते, बुडणारा माणूस काठावरच्या लोकांकडं बघतो तसं. आपल्या तोंडून भलतंच निघतंय हे त्यांना ऐकू येत होतं. ते आणखी जोरानं बोलत होते, आणि ते जितक्या जोरानं बोलत तितक्या टाळ्या वाढत होत्या.

आई बायकांच्या बाजूनं उठून पुढं आली.

"थांबवा. गाणं थांबवा आधी."

"पाळकीणबाई, बसा," ते वडीलधारे म्हणाले. "आत्म्याला अडवू नका."

"आत्मा न्हाय ओ हा! तोंड बघा त्यांचं, तोंड!"

पप्पांच्या तोंडाची उजवी कड खाली ओघळली होती. व्यासपीठावरचा त्यांचा उजवा हात घसरला आणि पाठोपाठ तेही. मागच्या लोकांना काही दिसलं नव्हतं. पप्पा फरशीवर पडले तरी मागं टाळ्या चालूच होत्या. त्या टाळ्या मला आजही सहन होत नाहीत. शाळेत पोरांनी एकदम टाळ्या वाजवल्या तरी मी वर्गाबाहेर जाते.

त्याच वडीलधाऱ्यांच्या जीपमधून आम्ही सोलापूरला पोचलो. डॉक्टर म्हणाले, मेंदूत गुठळी आहे, बोलण्याच्या जागेवरच. "बोलणं कधी बिघडलं? नक्की सांगा." ते वडीलधारे, आमचे जीपवाले काका, भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले आणि डोक्यावरची टोपी काढून तोंडात धरून रडले.

पप्पा वाचले. उजवा पाय ओढत का होईना, चालायला लागले. पण भाषा गेली. अनेक दिवस तोंडून आवाज नाही. मग एकदा आजूबाजूच्या गावांतले पाळक त्यांना बघायला आले, खाटेभोवती उभं राहून प्रार्थना केली, आणि 'आमेन' संपताच पप्पा खणखणीत आवाजात म्हणाले,

"आयला."

आमच्या घरात हा शब्द उच्चारला तर ताट उचललं जायचं. पप्पांच्या तोंडून तर तो जन्मात ऐकला नव्हता. पप्पांचा चेहरा लाल झाला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. "आयला. आयला." पाहुणे चपला शोधायला लागले.

डॉक्टर म्हणाले, असं होतं. सगळे शब्द जातात आणि एखादीच शिवी राहते. शिवी मेंदूत निराळ्या जागी असते म्हणे. गाणंही तसंच. ते आम्हाला आईमुळं कळलं. ती त्यांचं तोंड पुसताना एक जुनं भजन गुणगुणत होती. पप्पांनी पुढची ओळ उचलली, स्पष्ट, सगळ्या शब्दांसकट, आणि कडवं संपवलं. आईचा हात त्यांच्या गालावरच थांबला.

"पाणी म्हणा," ती घाईनं म्हणाली. "पाणी. म्हणा ना."

"आयला," पप्पा म्हणाले, आणि तोंड फिरवून घेतलं.

मंडळीत नवे पाळक आले. आम्ही मागच्या खोल्या रिकाम्या करून भाड्याच्या घरात गेलो. मला वाटलं, संपलं. पण एक दिवस पप्पांनी काठी घेतली आणि दाराकडं निघाले. जवळच्या गावातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याची मुलगी सासरी बाळंतपणात गेली होती. हिंदू घर, पप्पा तिथं वर्षानुवर्षं चहाला थांबायचे.

"कुठं निघालात?" आई म्हणाली. "बोलता येत न्हाय तुमाला. लोक काय म्हणतील?"

पप्पा थांबले नाहीत. मी रिक्षा केली आणि सोबत गेले. वाटेत हात जोडून म्हणाले, "पप्पा, तिथं काही बोलू नका हं. नुसतं बसा."

ओसरीवर माणसं बसली होती. 'देवाची मर्जी', 'तिचं तेवढंच आयुष्य' असं चाललं होतं. मुलीची आई कोपऱ्यात, कोरड्या डोळ्यांनी. आदल्या दिवसापासून ती रडलीच नाही, असं कुणीतरी कुजबुजलं. पप्पा पाय ओढत तिच्यापाशी गेले, कष्टानं जमिनीवर बसले, तिचा हात हातात घेतला. मी मनात म्हणत होते, नको, नको.

"आयला," पप्पा म्हणाले.

एक माणूस उठून उभा राहिला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. त्या बाईनं मान वर केली आणि पप्पांकडं टक लावून बघितलं.

"व्हय, पाळकसाहेब," ती म्हणाली. "आयला. दुसरं काय म्हणावं ओ? आयलाच की!" आणि पप्पांच्या खांद्यावर डोकं टेकून तिनं जो हंबरडा फोडला, तो ऐकून उभा राहिलेला माणूस गपकन खाली बसला.

परतताना रिक्षात पप्पा बाहेर तुरीच्या रानाकडं बघत होते.

आता ते नेहमीच जातात. जीपवाले काका त्यांना घेऊन जातात, न बोलावता दारात येऊन हॉर्न देतात. आजारी माणसापाशी पप्पा बसतात, भजन म्हणतात, आणि मध्येच तो शब्द येतो. नवे पाळक तरुण आहेत, मन लावून काम करतात. मध्ये ते आईकडं येऊन म्हणाले, "लोक मला सांगतात, जुन्या पाळकसाहेबांना पाठवा. माझ्यात काय कमी आहे, पाळकीणबाई?" आईनं चहा टाकला.

मी मात्र त्या शब्दाला अजून दचकते. दर वेळी.