ओली पोती

आमच्या शहराला थंडी झेपत नाही. दक्षिणेकडचं लहानसं गाव. स्वेटर वर्षातून दहा दिवस बाहेर निघतात. पण नेमका तेव्हाच वारा पडतो, नाल्यापलीकडचा कचरा धुमसायला लागतो आणि जळक्या रबराचा वास घराघरांत मुक्कामाला येतो. दोरीवरचा टॉवेल तोंडाला लावला की मळमळतं. नाक शिंकरलं तर रुमाल काळा. लोक मात्र म्हणतात, "धुकं काय छान पडलंय!" धुकं कसलं डोंबलाचं!

ही घाण मोजायचं काम माझ्या काकांकडे. पालिकेच्या गच्चीवर एक यंत्र आहे. ते हवा ओढतं, कागदी पट्टीवर धूळ पकडतं आणि आकडा खालच्या चौकातल्या बोर्डावर पाठवतं. हिरवा म्हणजे हवा ठीक, लाल म्हणजे घरात बसा. काका पट्टी बदलतात, यंत्राचं तोंड पुसतात. माणूस असा टापटिपीचा, की कुणाकडे गेले तरी आधी खुर्चीवरून बोट फिरवणार, मग टेकणार. काकू म्हणायची, "यांचं लग्न त्या यंत्राशीच लावायला हवं होतं."

त्यांची नात, आमची चिमणी, सहा वर्षांची. तिला दमा आहे. म्हणून काकांनी घरात कायदाच केला होता: बोर्ड हिरवा असेल तरच चिमणी मैदानावर जाणार. वहिनी, म्हणजे त्यांची सून, चौकात जाऊन बोर्ड बघायची आणि मगच पोरीच्या पायात बूट चढवायची.

यंदा नवे साहेब आले. लाल बोर्डामुळे शहराची अब्रू जाते, असं त्यांचं म्हणणं.

"यंत्राभोवती ओली पोती लावा. पाणी मारत राहा. धूळ पोत्यांतच अडकेल, आकडा आपोआप उतरेल."

"साहेब, पण हवा तीच राहते ना?"

"निवृत्तीला किती राहिलं तुमच्या? आठ महिने? मग सुखानं काढा की."

काकांनी पोती लावली. धूर दाटला की बादली घेऊन गच्चीवर जायचं, पोती भिजवायची, खाली येऊन हात साबणानं तीनदा धुवायचे. घरी त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. लाज वाटली म्हणे. लाज वाटली आणि आपला कायदा तसाच ठेवला! मला त्या लाजेचीच सगळ्यात जास्त शिसारी येते.

चौथ्या दिवशी वहिनी चिमणीला मैदानावर घेऊन गेली. अर्ध्या तासात पोरीचे ओठ निळे पडले. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तिच्या तोंडावर वाफेचा मास्क होता आणि गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. काका धावत आले. वहिनी त्यांच्यासमोर हात जोडून रडायला लागली.

"बाबा, मी बोर्ड बघूनच गेले हो. हिरवा होता. खरंच हिरवा होता."

काका खाली बसले. बोट न फिरवता, तसेच फरशीवर. मग सगळं सांगितलं. काकू एवढंच म्हणाली, "छी!"

चिमणी वाचली. आता काका राजीनामा देतील, निदान पोती तरी फेकतील, असं मला वाटलं. कुठलं काय! तिसऱ्या दिवशी बादली घेऊन पुन्हा गच्चीवर. फक्त घरचा कायदा बदलला. वहिनी आता चौकात जात नाही. दुपारी काका जेवायला आले की ताट वाढण्याआधी विचारते, "बाबा, आज पोती भिजवलीत?" ते "हो" म्हणाले की खिडक्या बंद.

मीही बोर्ड बघत नाही. काकूला फोन करते आणि माझ्या मुलांना घरात ठेवते. शेजारणीला अजून सांगितलेलं नाही. काकांची नोकरी आहे ना! बोलायला तोंड उरलेलं नाही मला.

काल मी तिकडे गेले तेव्हा काका जेवायला बसले होते आणि चिमणी बंद खिडकीच्या काचेला नाक लावून उभी होती. खाली तिच्या वर्गातली पोरं धावत होती, खोकत होती, पुन्हा धावत होती.

"आजोबा," ती म्हणाली, "त्यांच्या आजोबांनी पोती भिजवली नाहीत का?"