मी ‘या’ म्हणाले

या पानावर लिहायची वेळ माझ्यावर येईल असं कोणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. इथले गूढ अनुभव वाचून खो-खो हसणाऱ्यांतली मी. येरमाळ्यासारख्या जत्रेच्या गावात वाढले, अंगात येणं लहानपणापासून पाहिलं, आणि दरवेळी ‘त्या बाईला आधी थंड पाणी द्या’ म्हणणारी मीच असायचे. त्यात नोकरी अशी, की जे स्क्रीनवर दिसतं आणि कानात ऐकू येतं तेवढंच खरं धरायचं... आणि घोळ झाला तो नेमका त्या कानातच.

मी एअर ट्रॅफिक कंट्रोलर आहे. कुठल्या शहरात ते सांगत नाही — नोकरी टिकवायची आहे. बऱ्याच जणांना वाटतं, आम्ही धावपट्टीवर उभं राहून झेंडे दाखवतो. नाही हो. मी बसते त्या खोलीला खिडकीसुद्धा नाही. समोर स्क्रीन, त्यावर उंच आकाशातली विमानं सरकताना दिसतात, आणि कानाला हेडसेट. दोन विमानांच्या वाटा एकमेकींना छेदत असतील तर एक वर, एक खाली, मध्ये हजार फूट अंतर. पुढं गर्दी असेल तर मागच्याला तिथंच घिरट्या घालायला लावायचं. मी जे सांगेन ते पायलट जसंच्या तसं परत म्हणतो आणि मी ते कान देऊन ऐकते. माझी हद्द संपली की त्याला पुढच्या कंट्रोलरची रेडिओ फ्रिक्वेन्सी देते, तो ती परत म्हणतो, ‘गुड डे’ म्हणतो आणि जातो. न सांगता कोणी जात नाही. एखादा नुसता गप्प झाला तरी आम्ही लगेच त्याला हाका मारायला लागतो.

हे सगळं मी एकदा अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, समजावून सांगितलं होतं. ते म्हणाले, “मग आपल्या घरच्यावानीच हाय की!”

‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं — ही पद्धत तुमच्याकडेही असेलच. पण अण्णांचं जरा जास्तच होतं. ते आठवडी बाजारांत भांड्यांचं दुकान मांडायचे, आज आमच्याकडचं वाशी तर उद्या परंडा. निघताना उंबऱ्यात उभं राहून म्हणायचे, “येतो बरं का, बाई.” बाई म्हणजे मी. आणि मी ‘या’ म्हटल्याशिवाय पाऊल बाहेर टाकायचे नाहीत. मला हे कळल्यावर मी मुद्दाम तोंड मिटून बसायला लागले. एकदा तर त्यांची वाशीची एसटी डोळ्यांदेखत निघून गेली, तरी हा माणूस भांड्यांचं पोतं खांद्यावर घेऊन उंबऱ्यात उभा! आई कावली. अण्णा म्हणाले, “लेकीनं सोडलं न्हाय तर जावं कसं?” त्या दिवशी ते गेलेच नाहीत. दिवसभर माझ्याशी सागरगोटे खेळत बसले.

पुढं आई गेली, अण्णा थकले, बाजार सुटला. दादा-वहिनींपाशी शेतातल्या घरात राहायचे. दुपारी लिंबाखाली बाजेवर पडून आभाळ बघायचे आणि माझी ड्यूटी संपली की फोनवर विचारायचे, “आज येक गेलं, पांढरी रेघ वढीत. तूच धाडलंस व्हय?” आमच्या गावावरचं आकाश माझ्याच सेक्टरमध्ये, म्हणजे हद्दीत, येतं हे खरं, पण दरवेळी खुर्चीवर मीच असेन असं थोडंच आहे? तरी मी म्हणायचे, “हो अण्णा, मीच.” मग ते खुश. वहिनीला हाक मारून सांगायचे, माझ्या पोरीनंच धाडलं म्हणून.

मागच्या उन्हाळ्यात त्यांचं हृदय दमलंय असं बार्शीच्या डॉक्टरांनी सांगितलं. मी पुढच्या आठवड्याची सुट्टी टाकली होती. तिकीटही काढलं होतं.

त्या दुपारी मी खुर्चीवर होते. हैदराबादकडे निघालेल्या एका विमानाला मी पुढची फ्रिक्वेन्सी दिली. ते तेव्हा बरोबर येरमाळ्याच्या वर होतं. पायलटनं ती परत म्हटली, ‘गुड डे’ म्हणाला. आणि त्याच्या मागोमाग, माझ्या कानात —

“येतो बरं का, बाई.”

रेडिओवरच्या आवाजाला थोडी तरी खरखर असते. याला अजिबात नव्हती. मी बटण दाबलं आणि म्हणाले, “या.”

विचार केलाच नाही हो. विचार करायला वेळच कुठं होता... कोणी निघताना सांगितलं की उत्तर द्यायचं, ही माझ्या जिभेची घरचीही सवय आणि नोकरीतलीही.

शेजारच्या सहकाऱ्यानं मान वळवून विचारलं, “कोणाला ‘या’ म्हणतेस?” तेवढ्यात दुसऱ्याच एका पायलटनं विचारलं, काय म्हणालात, कळलं नाही. मी त्याला ‘डिसरिगार्ड’ म्हणाले, म्हणजे सोडून द्या. मग मी बदली कंट्रोलर मागितला. मन थाऱ्यावर नसेल तर आमच्याकडे तसं सांगून उठायचं असतं, त्यात लाज नाही. पण लगेच उठता येत नाही. तुमच्या जागी येणारा आधी शेजारी बसून ऐकतो, एकेक विमान त्याच्या हवाली करायचं, त्यानं ‘घेतलं’ म्हटलं की मगच हेडसेट काढायचा. मी माझी सगळी विमानं नीट हवाली केली. आत फोन नेता येत नाही, म्हणून लॉकरपाशी गेले. फोनवर दादाचे मिस्ड कॉलवर मिस्ड कॉल होते.

“बाई, अण्णा गेले गं,” एवढंच तो म्हणाला.

राख सावडून आल्यावर सगळे अंगणात बसले होते. वहिनी मला आत घेऊन गेली.

“वन्सं, येक सांगू का? त्या दिशी म्या भाकरी थापीत हुते. अण्णा भायेर बाजेवर. ‘येतो बरं का, बाई’ म्हनले. मला वाटलं, तुमच्याशी फोनवर बोलत्यात. मला ते बाई कधीच म्हनत न्हायत, पोरी म्हनत्यात. म्हनून म्या काय वो दिली न्हाय. मग जरा गप झाले... आन हसून म्हनले, ‘हां. निघतो मंग.’ म्या हात धुऊन भायेर आले, तर...”

मी विचारलं, “फोन होता त्यांच्याजवळ?”

“फोन तर हितं आत चार्जिंगला व्हता की वो.”

मी तिथंच, उंबऱ्यावर बसले.

आमच्याकडे फ्रिक्वेन्सीवरचा शब्दन् शब्द रेकॉर्ड होतो. कामावर परतल्यावर त्या ‘या’चा खुलासा द्यावा लागला, तेव्हा साहेबांसमोर बसून मी ते ऐकलं. पायलटचं ‘गुड डे’. मग शांतता, एक वाक्य मावेल एवढी. मग माझं ‘या’. साहेब भले माणूस. म्हणाले, घरचं टेन्शन होतं तुम्हाला, कान वाजतात कधीकधी. मी मान डोलावली. पण माझे कान वाजले तर वहिनीनं काय ऐकलं? आणि अण्णांनी ‘हां’ म्हटलं ते कशाला? दादा म्हणतो, योगायोग. वहिनी म्हणते, “तुमी सोडलं म्हनून सुखानं गेले वो ते.” ती मायेनंच म्हणते, पण ते ऐकलं की माझा जीव कासावीस होतो.

तो आवाज कुठून आला, हे मला आजही सांगता येत नाही. कोणाला येत असेल तर जरूर लिहा, पण खरं सांगायचं तर मला खातंय ते वेगळंच. पुढं जागा नसली, हवा बिघडली, की मी भल्यामोठ्या विमानाला थांब म्हणते आणि मी सोडेपर्यंत ते आकाशात घिरट्या घालत थांबतं. अण्णाही थांबायचे. एसटी निघून गेली तरी थांबायचे. त्या दुपारी मला काहीच करायचं नव्हतं, नुसतं तोंड मिटून बसायचं होतं... लहानपणी जमायचं की मला.