तलवाड्याच्या पायऱ्या आणि माझा गुडघा

गेवराईच्या स्टँडवर मी काठी सावरत उतरले, मागे वळले, तोवर एसटी माजलगावकडे निघाली होती. माझी मोठी बॅग घेऊन. आत कपडे होतेच, शिवाय गुडघ्याच्या व्यायामाचे रबरी पट्टे, वजनं आणि लहानसा स्टूलही होता.

स्कूटरवरून पडून माझा उजवा गुडघा मोडला होता. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण पाय वाकेना. “रोजचा व्यायाम चुकला तर भूल देऊन वाकवावा लागेल,” असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दादा म्हणाला, “मग पुण्यातच कर ना व्यायाम!” पण महिनोन्‌महिने छताकडे बघून मी विटले होते. तलवाड्याच्या डोंगरावरचं देवीचं देऊळ मला स्वतःच्या पायांनी चढून बघायचं होतं.

डेपोत चौकशी केली. बॅगेचा पत्ता नव्हता. मग मी उतरले होते त्या लॉजशेजारच्या व्यायामशाळेत विचारायला गेले. तिथला माणूस दारातच म्हणाला, “बायांसाठी न्हाई हाय हे.” लॉजचे मालक समजुतीने म्हणाले, “सकाळच्या गाडीनं परत जावा, बाई.”

परत जायला मी आलेच नव्हते.

सकाळी रस्त्यावर एक पंक्चरचं दुकान दिसलं. यासीनभाई नावाचे मिस्त्री मोटारसायकलचं चाक खोलत होते. मी जुनी ट्यूब मागितली.

“कुठल्या गाडीची?”

“माझ्या पायाची.”

मी सगळं सांगितल्यावर त्यांनी मागच्या घराकडे तोंड करून हाक मारली. त्यांच्या बायको, रुखसानाभाभी, ओले हात पुसत आल्या. त्यांनी माझा पाय बघितला, ऑपरेशनचा वण बघितला आणि म्हणाल्या, “अंगणात या. हितं रस्त्यावर कावून (कशाला) करता?”

ट्यूब कापून, धुऊन, अंगणातल्या खांबाला बांधली. मी बाजेवर बसून पाय मागे ओढू लागले. ट्यूब पट्ट्यापेक्षा कितीतरी ताठ होती. घाम फुटला. वजनांऐवजी पाण्याच्या बाटल्या ओढणीने घोट्याला बांधल्या. स्टुलाच्या जागी मोसंबीचं रिकामं क्रेट पालथं घातलं. त्यावर चढता-उतरता पहिला दिवस चांगला गेला. भाभींनी खिचडी आणि खट्टा (चिंचेचं आंबट सार) वाढला. मी दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी फरशी ओली होती. क्रेट सरकलं आणि मी कोसळले. दुखऱ्या गुडघ्यावर नाही, कुल्ल्यावर, पण डोळ्यांपुढे काजवे चमकले. क्षणभर वाटलं, दादाचंच खरं. यासीनभाई धावत आले. “बस करा आता, ताई. काही झालं तर आमच्यावर येईल.”

भाभी मला उठवता उठवता त्यांच्यावर उखडल्या. “शटर डोक्यात पडलतं तवा दुकान बंद केलतं का तुमी?”

यासीनभाई गुमान दुकानात गेले. मला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही. गुडघा थोडा सुजला होता. त्या दिवशी चढउतार सोडली, बर्फ लावला आणि बाजेवर बसल्या बसल्या जमेल तेवढं केलं. सूज उतरेपर्यंत क्रेटला हात लावला नाही. मग ते भिंतीला टेकवून पुन्हा चढले.

पाय पायऱ्यांना तयार झाल्यावर तलवाड्याला निघाले, भाभी सोबत आल्या. रिक्षातून दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला दिसत होता, आणि पुढे तो उघडाबोडका डोंगर. पायथ्याशी शेळ्या राखणारे एक म्हातारबाबा माझ्या काठीकडे बघत म्हणाले, “लई पायऱ्या हायत, बाई. हितूनच हात जोडा. देवीला पोचतंय.”

“देवीला पोचेल, बाबा. मी नाही ना पोचणार!”

चांगला पाय वर, मग दुखरा, मग काठी. अंगणात गिरवलेलं तेच. मध्येच थांबत, दम खात, तरणी पोरं शेजारून पळत जाताना दात-ओठ खात मी वर पोचले. देवळाच्या ओट्यावर वारा अंगावर घेत बसले. खाली काळी रानं, पत्र्यांची घरं, दूरवर उसाचे हिरवे पट्टे. भाभींनी डब्यातली भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली.

उतरणं जास्त अवघड गेलं. गुडघा सरळ उतरू देईना. मी वळले, कठडा धरला आणि उलटी उतरू लागले. लोक हसले. हसू देत! त्यांचं हसू माझा गुडघा धरायला येणार नव्हतं. खाली पोचले तेव्हा बाबा शेळ्या बाजूला हाकत म्हणाले, “उतरल्या की वो!”

पुण्यात डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिला, पुन्हा पाहिला. भूल देण्याची गरज उरली नव्हती. व्यायामासाठी ठरवलेली एकही सोय त्या प्रवासात मिळाली नाही, पण व्यायाम एक दिवसही चुकला नाही. सोय होईल तेव्हा करू म्हणत बसले असते, तर पाय तसाच लाकडासारखा राहिला असता. सोयीची वाट बघायला माझ्याकडे जादा गुडघा कुठे होता?

घरी दादाने विचारलं, “आता तरी स्वस्थ बसशील का?”

“बसते की,” म्हणाले, आणि सगळ्यांसमोर खाली फरशीवर मांडी घालायला घेतली. पुरती जमली नाही. उजवा गुडघा वीतभर वर राहिला. पण बसले.

मग दादाने पुढे केलेला हात न घेता उठलेही.