येळवशीला उघडं राहिलेलं दार

आमच्या मुरुडातली रुद्राणी म्हणजे गुरुलिंग वाण्याची लेक. समाजाची वधू-वर वेबसाइट तीच चालवते. मी चौथीतून शाळा सोडलेली, मला तिनं एवढंच सांगितलं होतं, "आज्जी, पोरीच्या घरचे हाव म्हणल्याबिगर फोटो न् नंबर कुणाला दिसत न्हाई." त्या बोलावर मी माझ्या नातीचा, समीक्षाचा, फोटो दिला.

हे 'हाव-न्हाई' बघायचं काम प्लगिनकडं, म्हणजे बाहेरून आणून जोडलेल्या तुकड्याकडं. येळवशीच्या, म्हणजे शेतात जेवायच्या वेळा अमावस्येच्या, आदल्या दिवशी तो बनवणाऱ्यांचा मेल आला, यात खोट आहे, आजच नवा टाका. नाव नोंदवलं की कुणालाही सगळं दिसायचं, घरच्यांची परवानगी हा तुकडा विचारतच नव्हता. लग्नात दारावरच्यानं 'पाहुणा का?' एवढंच विचारून थेट नवरीच्या खोलीत सोडावं, तसं!

रुद्राणी समाजाचे अध्यक्ष गुरुपादप्पांकडं गेली. "अप्पा, दोन घंटे साइट बंद ठेवते."

"उद्या येळवस हाय. शेतात जा, भज्जी खा. परवा बघू."

पोरीनं ऐकलं. सारा गाव शेतात आंबील पीत बसला, अन् तेवढ्यात कुणीतरी चाळीस पोरींचे फोटो न् नंबर उचलले.

समीक्षाच्या फोनवर जे काही आलं ते लिहायला हात धजत नाही. फोन धरलेला हात मी दोनदा साबणानं धुतला. पण खरी शिसारी आली ती गुरुपादप्पांची. रुद्राणीला म्हणाले, "नवा टाकलास ना आता? मग गप बस. घरोघर सांगत फिरलीस तर साइट काढून घेईन." कपाळभर विभूती, अन् तोंडातून हे!

तरी पोरगी चाळीस घरांची यादी घेऊन निघाली. पहिली माझ्या दारात आली. बस म्हणलं, बसली नाही.

"आज्जी, चूक माझी हाय. मेल आला तवाच बंद करायची."

"मग केलं का न्हाईस, भवाने?"

"अप्पा म्हणले..."

"अप्पाच्या घरची हाय का कुणी यादीत?"

ती खाली बघत म्हणाली, "पुतणी. अप्पांला ठावं न्हाई अजून."

मी चपला पायात सारल्या. समीक्षा माझ्याआधीच उंबऱ्याबाहेर.

पुतणीच्या घरी ओट्यावर गुरुपादप्पाच चहा पीत बसले होते. रुद्राणीनं त्यांच्या भावाला सगळं सांगितलं, मेल कधी आला, थांबा कोण म्हणालं, तेही. अप्पांच्या बशीतल्या चहावर साय धरली, तरी त्यांच्यानं ती बशी काही उचलवेना.

"चल," मी रुद्राणीला म्हणलं, "अडतीस घरं राहिली."