सायलीच्या आराखड्यातली झोळी

सुकन्या, तुझ्याबद्दल लिहितेय. ओशाळू नकोस आणि मध्ये बोलू नकोस.

केज तालुक्यातल्या एका वस्तीशाळेत सुकन्या शिकवते. यंदा वरून फर्मान आलं: प्रत्येक मुलाचा वेगळा अध्ययन आराखडा करा. बऱ्याच जणांनी एकच मजकूर उतरवला आणि नावं तेवढी बदलली. सुकन्याला तसलं जमत नाही. ती एकेका पोरापाशी फतकल मारून बसली.

सायली पाचवीतली, पण वाचन दुसरीचं. दरवर्षी दसरा झाला की आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची; यंदा तर धाकट्या भावाला, बजरंगला, सांभाळायलाही जायचं होतं. सुकन्याने तिला दुसरीच्या पोरांत बसवून वाचायला लावलं. झालं! दुसऱ्या दिवसापासून सायली गायब.

सुकन्या तिच्या घरी गेली. आजी केशरबाईंनी दारातच गाठलं.

"बारक्या पोरांत बसवलं कावून? लाजती ना ती! अन् वाचताच येईना तर हितं ठिवून काय करू? जाऊ द्या टोळीसंगं."

"दसऱ्याच्या आत वाचून दाखवलं तर?"

"तर ठिवते. पण तवर बजरंगाला कोण बघंल? तुमी?"

"हो, मी! पाठवा दोघांना."

सुकन्याने स्वतःचं जुनं लुगडं शाळेच्या ओसरीत झोळीसारखं टांगलं. मुख्याध्यापक त्रिंबकराव कडाडले, "बाई, शाळा हाय का पाळणाघर?"

"सायलीच्या आराखड्यात आहे, सर. सही तुमचीच आहे. वाचली नाही वाटतं?"

मग सायली एका हाताने झोका देत बजरंगला दुसरीच्या गोष्टी वाचून दाखवू लागली. भावासाठी वाचायचं, त्यात लाज कसली? अडखळायची, पुन्हा मागून वाचायची. बजरंग झोपून जायचा, तरी हिचं चालूच.

दसऱ्याच्या तोंडावर केशरबाई नातवाला न्यायला आल्या, त्या खांबाला टेकून उभ्याच राहिल्या. त्यांना पाहून सायली गप्प झाली.

"थांबलीस कावून गं? गोष्टीतल्या त्या म्हातारीचं पुढं काय झालं? वाच की!"

सायलीने शेवटापर्यंत वाचलं. केशरबाईंनी पदराने नाक पुसलं. "ऱ्हाऊ द्या दोघांला माझ्यापाशी. लेकाला मी सांगते."

टोळीचा ट्रॅक्टर गेला, पोरं राहिली.

आणि हो, झोळीची दोरी विरली होती. केजच्या बाजारातून नवी आणते म्हणून मी तुला कबूल केलं, आणि दर बाजारी विसरले. शेवटी पिशवी घेऊन शाळेवरून बाजाराला निघाले, तर बजरंग शाळेच्या अंगणात दुडुदुडु पळत होता आणि सायली पुस्तक घेऊन त्याच्या मागे. झोळीत पाय ठेवेल तर शपथ! मी परत फिरले. दोरी राहिली ती राहिलीच.