मोठेबाबांचं खाकरणं

मोठेबाबांचं खाकरणं अजून माझ्या कानात आहे. मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, माझ्या आईचे भासरे. लोणारजवळच्या आमच्या घरात ते कधी न सांगता शिरले नाहीत. ओट्यावर चपला काढल्या की घसा साफ करायचे, आणि आत आईचा पदर डोक्यावर जायचा. ती त्यांच्यासमोर बोलत नसे. भाजीत मीठ कमी पडलं तरी ते मला म्हणायचे, "तुह्या मायले सांग," आणि माय दोन हातांच्या अंतरावर उभी असायची. मला या टपालाचा भारी कंटाळा यायचा. आज ते काम कुणी परत दिलं तर मी धावत जाईन.

एकदा देऊळगाव राजाहून लग्न आटोपून आम्ही तिघं ऑटोनं परतत होतो. वळणावर समोर ट्रॅक्टर आला, ऑटोवाल्यानं हँडल वळवलं आणि ऑटो आडवा झाला. मोठेबाबांना आणि मला खरचटलं. आईचा हात मोडला, कपाळ फुटलं. लोकांनी जीप थांबवून आम्हाला दवाखान्यात पोचवलं.

डॉक्टर तरुण होता, पुण्याकडचा, हाताला चपळ. त्यानं पोलक्याची बाही कात्रीनं कापली, जखम पाहायला पदर बाजूला केला. "काकू, नाव सांगा. कुठं दुखतंय?"

आई गप्प. डोळे उघडे, पण तोंडून शब्द नाही. चांगला हात तेवढा सारखा डोक्याकडे जायचा, आणि नर्स तो धरून खाली ठेवायची.

"बरं, मिस्टरांचं नाव?"

घ्या! जे नाव आईनं उखाण्याशिवाय जन्मात घेतलं नव्हतं, तेच यानं विचारावं. डॉक्टरचा चेहरा उतरला. "या बोलतच नाहीत. डोक्याला आत मार असेल तर इथं थांबवून उपयोग नाही. संभाजीनगरला न्यावं लागेल."

आई आता हाती लागत नाही, एवढंच मला कळत होतं.

मोठेबाबा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी आईच्या त्या धडपडणाऱ्या हाताकडे पाहिलं आणि एकदम पाठ फिरवली.

"डॉक्टरसाहेब, मी भासरा हाव तिचा. मी इथं असलो तं ते बाई बोलणार नाई. मी बाहीर जातो. अन् तिच्या डोक्यावर काहीतरी टाका बापा."

ते पडद्याबाहेर गेले. नर्सनं एक पांढरं फडकं आईच्या केसांवर अंथरलं. डॉक्टरनं मोडका हात उचलला मात्र, आई कडाडली.

"हळू करा न हो! हात हाय माहा, लाकूड नाई!"

मग तिनं नाव, गाव, ऑटोवाल्याची अक्कल, सगळं सांगून टाकलं. नवऱ्याचं नाव तेवढं मला सांगावं लागलं. मी बाहेर धावले तर मोठेबाबा बाकावर बसून रडत होते. "बोलली व पोरी, बोलली तुही माय!" एका घरात राहून त्यांनी तिचा मोठा आवाज पहिल्यांदा ऐकला होता.

डोक्याला आत काही नव्हतं, पण आईला तिथं काही दिवस ठेवून घेतलं. मोठेबाबा चहा घेऊन यायचे आणि पडद्यापाशी खाकरायचे. पुढं पुढं डॉक्टरही खाकरूनच आत यायला लागला. त्याचं खाकरणं अगदी नाटकातलं होतं. आई पदरात तोंड घालून हसायची.

पुढं कितीतरी वर्षांनी एका मोटारसायकलनं मोठेबाबांनाच उडवलं. खुबा मोडला. दवाखाना तोच, पण तो डॉक्टर केव्हाच बदलून गेला होता. अंगावर धड कपडा नाही आणि येणारा-जाणारा पडदा सारून डोकावतोय. घराला ज्याचा धाक तो माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता, कुणाशी बोलत नव्हता. मला त्या सगळ्यांचा संताप यायचा.

दुपारी आई डबा घेऊन आली. पडद्यापाशी तिची पावलं थांबली. आत आली नाही. बाहेरूनच ती खाकरली.

मोठेबाबांनी मान वळवली. मला खुणेनं चादर गळ्यापर्यंत ओढायला लावली, टोपी मागून घेतली, ती नीट बसवली. मग माझ्याकडे निरोप न देता, स्वतःच म्हणाले,

"ये माय."