हरवलेली पित्ताची पिशवी

शनवाऱ्याच्या गल्ल्यांतच वाढले, तरी आजही मी गल्लीच्या भलत्याच टोकाला बाहेर पडते. घरचे हसतात. डॉक्टरला रस्ते कशाला लागतात, असं मी ऐटीत म्हणायचे. सगळ्या परीक्षा पाठांतरावर मारल्या होत्या. मग सोनोग्राफी शिकायला लागले आणि ऐट उतरली. हात पोटावर, नजर पडद्यावर, आणि दिसतो तो अवयवाचा नुसता एक काप. त्यावरून अख्खा अवयव डोक्यात उभा करायचा. माझ्या डोक्यात काहीच उभं राहत नव्हतं.

शिकवणाऱ्या मॅडमनी शेवटी महिनाअखेरची मुदत दिली. तोवर पित्ताशय तरी एकटीनं शोधून दाखवायचं, नाहीतर परत ओपीडीत सर्दी-खोकला. हे माझ्या फार जिव्हारी लागलं.

शेवटच्या दिवशी बहादरपूरच्या एक मावशी आल्या, केळ्याचे वेफर्स करणाऱ्या. वीस मिनिटं मी त्यांचं पोट धुंडाळलं. आधी मशीन जुनं म्हणून कुरकुरले. नाचता येईना, अंगण वाकडं. मग विचारलं, "मावशी, पित्ताची पिशवी काढलीय का तुमची?"

त्या ताडकन उठून बसल्या. "मागच्या साली अपेंडिक्स काढलं. तवाच काढून घेतली काय? मले तर कोनी विचारलं बी नाही." त्यांनी बाहेर बसलेल्या नवऱ्याला अशी हाक मारली की मॅडमच धावत आल्या.

मॅडमनी मशीनचा पोटावर धरायचा प्रोब जरासा फिरवला. पिशवी जागेवरच होती, खड्यांसकट. मला तिचा आडवा काप दिसत होता आणि ते गोल काळं मी आतडं समजत होते. मॅडम समजावू लागल्या, तर मावशी मध्येच म्हणाल्या, "केळं आडवं कापलं तं चकती, उभं कापलं तं पट्टी. केळं एकच ना, बाई."

हे पुस्तकातही असणार. मी पाठ केलं असणार.

माझी रवानगी ओपीडीत झाली. घरी येऊन रडले, मग अर्धा डझन केळी उभी-आडवी कापत बसले. आईला वाटलं, शिकरण होणार.

ऑपरेशनआधी मावशी पुन्हा तपासणीला आल्या आणि मॅडमना म्हणाल्या, "त्या लहान बाईलेच करू द्या. नाहीतर तिच्या मनात राहून जाईन."

मॅडमनी मला बोलावलं. मी प्रोब ठेवला, मावशींनी न सांगताच श्वास रोखला. हात हळूहळू वळवला, तसं ते गोल काळं लांबत गेलं आणि पिशवी पुरती दिसली. मी इतकी हरखले की 'श्वास सोडा' म्हणायचंच विसरले.